मामांची सहाबारी

परवा धाकट्या भावाच्या तेरवीला लाखनीला गेलो होतो. जेवणं आटोपली, पंगती उठल्या, मंडपवाल्याची खुर्च्या उचलायची घाई चाललेली. पुतण्या जवळ येऊन बसला. चाळिशीचा आहे, नागपूरला असतो. मला वाटलं बापाच्या आठवणी काढेल. तो म्हणाला, "मोठे बाबा, एक विचारू? मामाआजोबांची ती पिस्तूल शेवटी गेली कुठं?"

शेजारचे दोन-तीन नातेवाईक एकदम गप्प झाले. म्हणजे विषय आधीच होऊन गेला होता. आमच्या नात्यात बऱ्याच वर्षांपासून एक समज आहे की ती पिस्तूल मास्तरने, म्हणजे मी, परस्पर विकली. तोंडावर कुणी बोलत नाही. पण लग्नाकार्यात "मास्तरनं चोर पळवला" ही गोष्ट रंगवून सांगून झाली की कुणीतरी हळूच "आणि पिस्तूलही पळवली" असं जोडतोच.

तर मंडळी, आज दोन्हींचा हिशेब सांगून टाकतो. पिस्तूल मी विकली नाही. आणि चोरही पळवला नाही.

आधी ती वस्तू कशी होती ते सांगतो, कारण तिच्याबद्दल बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती पाहिलेली नाही. गावात सगळे तिला सहाबारी म्हणत. गोळ्या तिच्यात पाचच बसायच्या, पण 'पाचबारी' असा काही शब्द नाही ना! ती पिस्तूलही नव्हती, रिव्हॉल्व्हर होतं. (जन्मभर मराठी शिकवूनही मी पुढे दोन्ही शब्द वापरणार आहे. सवय.) बर्मिंगहॅमच्या वेब्लीचं, 'बुलडॉग' नावाचं. १८७२ मध्ये त्या कंपनीने हा प्रकार काढला. कोटाच्या खिशात मावावं म्हणून नळी जेमतेम अडीच इंच, मूठ पोपटाच्या चोचीसारखी आत वळलेली, आणि एवढ्याशा जिवात .४५० बोअर. गोळीची जाडी साडेअकरा मिलिमीटर, चाराच्या फळाएवढी. (ज्याच्या आत चारोळी असते तो चार. शहरातल्या मंडळींसाठी सांगतो.) आणि वजन सव्वा तोळा. शिशाचं, सोन्याचं नाही. लग्नात आमच्या आईच्या अंगावर एवढं सोनंही नव्हतं.

या बुलडॉगच्या नकला बेल्जियममध्ये, स्पेनमध्ये, अमेरिकेत ढिगाने निघाल्या. आपलं अस्सल आहे असं मामा छातीवर हात ठेवून सांगत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ ला वॉशिंग्टनच्या स्टेशनात जो हल्ला झाला, तो असल्याच बुलडॉग जातीच्या रिव्हॉल्व्हरने. गारफील्ड लगेच गेले नाहीत. डॉक्टरांनी न धुतलेल्या बोटांनी जखम चाचपली, ती चिघळत गेली, आणि १९ सप्टेंबरला ते वारले. ते रिव्हॉल्व्हर पुढे स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आलं आणि तिथून हरवलं. पुतण्याला मी हेसुद्धा सांगितलं. म्हटलं, एवढ्या मोठ्या देशाला सांभाळता आलं नाही, मी तर भंडारा जिल्ह्यातला मास्तर. तो हसला नाही.

मामांचं गाव चुलबंदच्या काठावर, वडश्याच्या बाजूला. त्यांचे आजोबा मालगुजार. इंग्रजांच्या १८७८ च्या हत्यार कायद्याप्रमाणे गोऱ्याला परवाना लागत नसे, आपल्या माणसाला लागे, आणि तो मिळणं म्हणजे साहेबाचा विश्वास असल्याची निशाणी. म्हणून घरात हत्यार आलं. काय मारायचं होतं त्याने? रानडुकराला ते उपयोगाचं नाही, वाघाला तर नाहीच. त्यासाठी भरमार होती, बारा बोअरची होती. सहाबारी होती ती दसऱ्याला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायला, आणि वसुलीला बसताना कमरेला दिसायला. १९५१ ला मालगुजारी गेली. तलाव गेला, जंगल गेलं. चौसोपी घर, थोडी जमीन आणि हे रिव्हॉल्व्हर राहिलं. मामांच्या चालण्यातली ऐटही राहिली, ती मात्र शेवटपर्यंत.

मी ते पहिल्यांदा चालवलं १९६६ च्या दसऱ्याला. मॅट्रिकचं वर्ष. पूजा झाल्यावर मामा मला तलावाच्या पाळीवर घेऊन गेले. डालड्याचा रिकामा डबा दगडावर ठेवला आणि दहा पावलं मोजली. कायनॉकच्या जुन्या खोक्यात एकवीस काडतुसं उरली होती, त्यातली पाच त्यांनी माझ्यासाठी काढली. ही मोठीच कृपा होती, कारण नवी मिळायची आशा जवळपास नव्हतीच. उजव्या अंगाला एक छोटं दार, ते उघडून एकेक काडतूस आत सरकवायचं, चक्र बोटाने पुढे फिरवायचं, पुढचं घालायचं.

पहिल्या बाराला काय झालं ते मला नीट कळलंच नाही. हाताला आतून कुणीतरी फटका मारल्यासारखं झालं, मनगट वर उडालं, कानात शिट्टी सुरू झाली. डबा जागच्या जागी. नळी आखूड असल्यामुळे तोंडाशी हातभर जाळ निघतो, तो दिवसाउजेडीही डोळ्यांना दिसला. मूठ एवढी लहान की करंगळीला जागाच नाही. त्यात घोडा हाताने न चढवता नुसता चाप ओढून बार काढायचा तर तो इतका जड, की ओढता ओढता नळी एका अंगाला जाते. दहा पावलांवर एका अंशाची चूक म्हणजे अर्धी वीत. आणि माझी चूक एका अंशाची नव्हतीच. पाचही गोळ्या पाळीच्या मातीत गेल्या. मग मामांनी सहावी स्वतः झाडली, पाच पावलांवर जाऊन. डब्याला पलीकडून वाटी जाईल एवढं भोक पडलं.

"हे लांबून मारायचं हत्यार नाही," मामा म्हणाले. "समोरच्याच्या अंगाचा वास येईल एवढ्यावरून मारायचं." मला ते वाक्य तेव्हा फार मर्दानी वाटलं होतं. रात्री अंगठ्याचा खालचा भाग सुजला, आणि ती सूज मी वर्गात सगळ्यांना दाखवली.

परवान्याचंही एक प्रकरण आहे. १९५९ चा हत्यार कायदा प्रत्यक्ष लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ ला. नव्या नियमांत सैन्याचे बोअर 'प्रतिबंधित' ठरले. त्या यादीत .४५५ चं रिव्हॉल्व्हर आहे. आमचं .४५०. एका कचेरीतल्या कारकुनाने नवा परवाना लिहिताना शून्याच्या जागी पाच लिहिला, आणि मामा बसल्या जागी प्रतिबंधित हत्याराचे धनी झाले. ती चूक दुरुस्त व्हायला दोन वर्षं गेली. ट्रेझरीच्या फाटकाशी बसणाऱ्या अर्जनविसाची तेवढी दिवाळी झाली. पुढे दर तीन वर्षांनी नूतनीकरण, आणि दर निवडणुकीला हत्यार ठाण्यात जमा. या जमा करण्याचा मामांना राग नसून हौसच होती. धुतलेलं धोतर, काळी टोपी, कापडात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर, ठाणेदाराबरोबर चहा. मतदान संपून आठ दिवस होत नाहीत तोच ते परत आणायला निघायचे. माहेराहून बायको आणायला निघाल्यासारखे, असं मामी म्हणायची.

आता ती रात्र.

१९७३ चा डिसेंबर. मला मास्तरकी लागून वर्ष झालं होतं. वय तेवीस. मंडई आटोपलेली, धानाचे पुंजणे उभे होते आणि रोज कुठल्यातरी गावाहून बातमी येत होती की पुंजणा फोडला, घर फोडलं, बायकांच्या अंगावरचं ओरबाडलं. बहात्तरचं साल वाईट गेलेलं. माणसं लवकर विश्वास ठेवत होती. मामा हिवतापाने पडलेले. मी आणि धाकटा भाऊ मदतीला म्हणून गेलो होतो. भाऊ अठराचा. तो संध्याकाळी "खळ्यावर जागलीला जातो" म्हणून घोंगडं घेऊन गेला. मामांनी मला बोलावलं, उशाखालून सहाबारी काढून हातात दिली. दुसऱ्याच्या परवान्याचं हत्यार हातात घेणं हा गुन्हा आहे हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही. ठाऊक होतं. पण मामांनी "तू आता मास्तर झालास" असं म्हटलं, आणि मला ते पुरलं.

ओसरीवर कंदील बारीक करून बसलो. तीनच्या सुमारास सांदवाडीच्या (म्हणजे परसाच्या) भिंतीवर खरखर झाली. कुत्रं भुंकलं नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी मागच्या दारात गेलो. भिंतीवरून एक आकृती अलीकडे उतरत होती. लुगडं नेसलेली. त्या दिवसांत चोर बायकांच्या वेशात येतात अशीही आवई होतीच. मी ओरडलो, "कोन होय?" उत्तर नाही. पुन्हा ओरडलो. आकृती भिंतीला चिकटून उभी राहिली, हलेना, बोलेना.

मी चाप ओढला.

जाळाने डोळे दिपले. दिसायला लागलं तेव्हा भिंतीपाशी कुणी नव्हतं. पलीकडे कुणीतरी धपकन पडल्याचा आणि पळाल्याचा आवाज. घर जागं झालं, वाडा जागा झाला, कंदील आले, काठ्या आल्या. मामा दोन गोधड्या पांघरून दारात उभे राहिले आणि थरथरत म्हणाले, "शाब्बास." हिवतापाने थरथरत होते की अभिमानाने, सांगता येत नाही. गोळी मातीच्या भिंतीत घुसली होती. त्या भोकात माझं मधलं बोट पूर्ण गेलं.

भाऊ सकाळी उजाडल्यावर आला. तोंड घासून घासून लाल झालेलं. मला विहिरीपाशी ओढून नेलं आणि डाव्या कानाजवळचे केस दाखवले. कानाच्या वर, वीतभर बाजूला गोळी लागली होती. मातीचे खडे उडून गालावर टोचले होते.

तो जागलीला गेलाच नव्हता. नदीपलीकडच्या गावात दंडार होती आणि तिच्यात त्याला बाईचं काम मिळालं होतं. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव दंडारी आणि नाटकं रात्र रात्र चालतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्या काळी बायांची कामं पुरुषच करायचे. पण मामांचं एक वाक्य घरात प्रसिद्ध होतं, की मालगुजाराच्या नातलगाने लुगडं नेसून नाच केला तर मी त्याला गोळी घालीन. ते चेष्टेने म्हणत असतील. अठरा वर्षांच्या पोराला ती चेष्टा कळत नाही. मी "कोन होय" विचारलं तेव्हा तो म्हणूनच बोलला नाही. अंधारात मी त्याला मामा वाटलो, आणि तो मला चोर.

आम्ही दोघांनी कुणाला न सांगायचं ठरवलं. त्याला मार चुकवायचा होता. मला काय चुकवायचं होतं? सकाळपर्यंत अर्धं गाव येऊन माझी पाठ थोपटून गेलं होतं. खरं सांगायचं तर ते मला आवडलं होतं. पुढे मामा दर लग्नात ती गोष्ट सांगत. सुरुवातीला चोर एक होता, १९८० पर्यंत तीन झाले, नंतर नंतर त्यांच्या हातात कुऱ्हाडीही आल्या. मी मान खाली घालून ऐकायचो आणि लोकांना तो विनय वाटायचा. भाऊ पंगतीत वाढता वाढता माझ्याकडे बघून डोळा मिचकावायचा. त्याने आयुष्यभर मला एकच टोमणा मारला, "दादा, तुला नेम असता तर मला पेन्शन मिळाली नसती."

त्याची पेन्शन जवाहरनगरच्या आयुध निर्माणीची. १९६४ साली निघालेला हा कारखाना, गोळ्या-तोफगोळे पुढे ढकलणारी दारू तिथे बनते. गोळी ज्याच्या कानावरून गेली त्याने तीस वर्षं तीच दारू बनवली. ठरवून नव्हे, नोकरी मिळाली म्हणून. २४ जानेवारी २०२५ ला तिथे स्फोट झाला, माणसं गेली, तेव्हा तो आजारी होता. टीव्हीसमोरून उठला नाही. बाराच्या आधी बातमी आली आणि संध्याकाळपर्यंत तो जुन्या सोबत्यांना एकेक फोन लावत बसला होता. रात्री मला फोन केला. निर्माणीबद्दल फार बोलला नाही. म्हणाला, "दादा, एवढ्या वर्षांत त्या रात्रीचा जाळ मी विसरलो नाही रे. आवाज विसरलो. जाळ नाही." टोमणा मारला नाही, त्यावरून मी समजलो की आता तो फार दिवस नाही.

मामा १९९२ ला गेले. मुलगा न्यू जर्सीला, तो चौदाव्या दिवशी परत गेला आणि जाताना म्हणाला, "दादा, तू बघ त्याचं." परवानाधारक गेला की हत्यार घरात ठेवणं बेकायदा होतं. १९५९ च्या कायद्याचं २१ वं कलम सांगतं की विनाकारण उशीर न करता ते ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करा. वारसाने परवाना काढावा, नाहीतर परवाना असलेल्या कुणाला विकावं. मुदतीत काहीच झालं नाही तर ते सरकारजमा होतं. विकायचं ठरवलं असतं तर गिऱ्हाईक मिळालं असतं. बाहेरून हत्यारं आणणं ऐंशीच्या दशकापासून बंद झालेलं, त्यामुळे जुन्या विलायती मालाला भाव होता. एका ओळखीच्याने मला रक्कम सांगितलीही. 'मास्तरने विकली' ही गोष्ट बहुधा तिथूनच उगवली.

मी मामीला विचारलं. ती म्हणाली, "ने बापा ते घरातून." ठाण्यात तीही आली. एसटीत खिडकीशी बसली होती, पिशवी माझ्या मांडीवर. पाच-सहा मैल गेल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या रात्रीच्या सकाळी भिंत मीच पोतारली. खाली काचेच्या बांगड्यांचे तुकडे पडले होते. चोर बांगड्या घालून येते का रे?"

एकोणीस वर्षं तिला माहीत होतं. दर लग्नात मामांच्या शेजारी बसून तिने ती गोष्ट ऐकली होती.

मी काही बोललो नाही. ठाण्यात पावती झाली: रिव्हॉल्व्हर नग एक, काडतुसे नग सात, चामड्याचे म्यान नग एक. हवालदाराने काडतुसं तळहातावर घेऊन बघितली आणि "कैरीच्या कोयीएवढी आहेत की" म्हणाला. मुदत गेली, कुणी दावा केला नाही, दावा करू नये अशी व्यवस्था मी केली. न्यू जर्सीला मी पत्र टाकलं नाही. ही माझी चूक म्हणायची तर म्हणा, मामेभावाचा तो हक्क होता. पण मला ते घरात कुणाच्याही नावावर नको होतं, आणि कारण सांगायची हिंमत तेव्हा नव्हती.

आता पुतण्याचं. त्याला ती 'खानदानी निशाणी' म्हणून हवी होती. ती नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग मी स्वतःच परवाना काढतो. आज नवं घ्यायचं तर सहसा कानपूरचं .३२ मिळतं. २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं अर्धा किलोचं काढलं होतं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. २०१६ च्या नियमांप्रमाणे हत्यार हाताळायचं शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, घरात ते कुलपात ठेवायची हमी लागते, आणि तुमच्या जिवाला खरंच धोका आहे हे पटवून द्यावं लागतं. मी विचारलं, "तुला कुणापासून धोका आहे?" तो म्हणाला, "तसा कुणापासून नाही. पण रात्री-बेरात्री कोण येईल सांगता येतं का?"

तिथे, उचललेल्या मंडपाखाली, मी त्याला काही सांगितलं नाही. बाप जाऊन तेरा दिवस झालेले. घरी आलो, दोन दिवस घालवले, मग ठाण्याच्या पावतीचा फोटो त्याला पाठवला आणि फोन लावला. जे वर लिहिलं ते सगळं सांगितलं. भिंत, लुगडं, कानाजवळचे केस, बांगड्या. मध्ये एकदाही तो बोलला नाही. मला वाटलं चिडला असेल. बापावर गोळी झाडणारा काका, आणि पन्नास वर्षं त्याच्याच नावाचा डंका.

मी थांबल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मोठे बाबा, म्हणजे बाबा दंडारीत बाईचं काम करायचे? आम्हाला कधी बोलले नाहीत."

हो म्हणालो. फार छान करायचा. पुढच्या वर्षी मी स्वतः जाऊन पाहिलं होतं, मामांना न सांगता.

"आवाज कसा काढायचे?" त्याने विचारलं.

मी काढून दाखवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.